मुलांना म्हणजे कोणाला

ऑफिसात कोणी मृत्युपत्रासाठी आलं की मी आधी एकच गोष्ट विचारते: कागद कोणाचा करायचाय? बहुतेक वेळा म्हातारं माणूस मधल्या खुर्चीत असतं, एका अंगाला मुलगा, दुसऱ्या अंगाला सून, आणि उत्तर मुलगा देतो, ‘हेंचो.’ मग मी सांगते, हे आत थांबतील, बाकीच्यांनी बाहेर बाकावर बसायचं. सुनेचा चेहरा पडतो. मुलगा म्हणतो, ‘तेंका आयकाक कमी येता, मी आसलंय तर बरा.’ मी म्हणते, मी मोठ्यानं बोलते. हे खोटं नाही. माझा आवाज मासळी बाजारापर्यंत जातो असं बाररूममध्ये म्हणतात, आणि ते मी कौतुक म्हणूनच घेते.

मालवणात वकिली करायला लागून मला वीस-बावीस वर्षं झाली. सुरुवातीला मी सगळ्यांना एकत्र बसवायची. घरचीच माणसं, समोरासमोर बोलली तर बरं, असं वाटायचं. पुढे लक्षात आलं की अशा बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचंच मृत्युपत्र तयार होतं, सही तेवढी म्हाताऱ्याची असते. तेव्हापासून नियम केला. ज्याची सही, त्याची मी वकील. त्याच्या मुलाची नाही, मुलीची नाही, आणि ज्यांनी रिक्षाचं भाडं दिलं त्यांची तर नाहीच. यामुळे गावात मला शिष्ट म्हणतात. म्हणू देत.

तर असा सगळा तोरा असताना माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती एका शब्दाची होती.

काजूचा हंगाम संपत आला होता. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला एक म्हातारा रिक्षातून उतरला. आंबोलीचा आणि फोंड्याचा, दोन्ही घाट त्याने आयुष्यभर चढले-उतरले होते आणि अजूनही खुर्चीत तो स्टिअरिंगवर बसल्यासारखा ताठ बसायचा. बरोबर मोठा मुलगा आणि मुलगी होती. मोठा सावंतवाडीला बिऱ्हाड करून राहत होता आणि इन्सुलीचा नाका ओलांडून रोज गोव्यातल्या कारखान्यात जात होता. धाकट्याचं फोंडाघाटच्या बाजारात दुकान होतं, घरही तिथेच. मुलगी अंगणवाडीत शिकवायची. तिचं लग्न झालेलं नव्हतं, चाळिशी उलटली होती, आणि आई गेल्यापासून ती बापाजवळच होती. त्याचं चिऱ्याचं घर, मागची काजीची भरड जमीन आणि थोडी हापूसची कलमं हे सगळं त्याने पगारातून स्वतः केलेलं. वडिलोपार्जित काही नाही. म्हणजे कायद्याने तो ते कोणालाही देऊ शकत होता. आणि मुलीला त्या घराशिवाय दुसरा आसरा नव्हता, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

नियमाप्रमाणे मी दोघांना बाहेर बसवलं. पायरीपर्यंत म्हातारा मालवणीत रिक्षावाल्याशी गजाली मारत होता. टेबलासमोर बसला आणि त्याची भाषाच बदलली. आमच्याकडे हे सगळेच करतात. चप्पल दाराबाहेर काढावी तशी मालवणी बाहेर ठेवतात आणि कचेरीतली मराठी बोलायला लागतात. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, ‘माझ्या पश्चात माझी सर्व स्थावर जंगम मालमत्ता माझ्या मुलांना समान मिळावी.’

मला फार बरं वाटलं. इतकं नेटकं सांगणारा पक्षकार वर्षातून एखादाच भेटतो. मी तसंच्या तसं लिहून घेतलं आणि मुलांची नावं विचारली. तो म्हणाला, ‘नावं नका घालू बाई. आधार कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, उगाच घोळ. माझी मुलं कोण ते गावाला माहीत आहे.’ नावांचे घोळ मीही पुष्कळ निस्तरले होते. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला अजून लाज वाटते. वाक्य इतकं सुरेख होतं की मी त्याचा अर्थ विचारलाच नाही.

सहीला पंधरा दिवसांनंतरचा दिवस ठरला. आठवड्याभराने मोठा मुलगा एकटा आला. हातात आंब्याची पेटी. मी पेटी बाकावरच ठेवायला सांगितली आणि म्हटलं, जाताना घेऊन जा. तो हसला. म्हणाला, ‘मॅडम, बाबांनी सांगल्यानी माका, मुलांना समान म्हणान. आमी दोगेच. मगे आताच दोगांचे गट वेगळे दाखवलास तर फुडे मोजणीची कटकट नाय.’

मी त्याला सांगितलं की तुमच्या वडिलांच्या कागदाबद्दल मी तुमच्याशी एक अक्षर बोलणार नाही, आणि तुम्ही इथे येऊन काय म्हणालात ते मात्र त्यांना सांगणार. त्याला ते झोंबलं. पण माणूस वाईट नव्हता. रोज दोन तास मोटारसायकल हाणून नोकरीला जाणारा, बापाच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आठवडाभर रजा घेऊन बसलेला माणूस होता. ‘दोघंच’ हे त्याने लबाडीने म्हटलं नव्हतं. त्याला तसंच ऐकू आलं होतं.

तीन दिवसांनी मुलगी आली, अंगणवाडी सुटल्यावर, खांद्याला रजिस्टरांची पिशवी तशीच. ती बसलीसुद्धा नाही. ‘मॅडम, बाबा म्हणाले मुलांना समान. म्हणजे तिघांच्या नावावर होणार ना? मग माझ्या खोलीला मी वेगळा मीटर घेऊ शकते का? दादाला उगाच माझं बिल नको.’ तिच्या चेहऱ्यावर कमालीचा निवांतपणा होता. तिलाही मी तेच सांगितलं, जे तिच्या भावाला सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘हो हो, तुमचं बरोबर आहे,’ आणि खूश होऊनच गेली.

ती गेल्यावर मी टिपणवही उघडली. ‘माझ्या मुलांना समान.’ मुलगे असले तरी आपण बोलताना मुलांना म्हणतो, आणि मुलगे-मुली मिळून असल्या तरी मुलांनाच म्हणतो. भाऊ वाचेल तेव्हा दोघं, बहीण वाचेल तेव्हा तिघं. मालवणीत हा घोळ झालाच नसता. तिथे मुलगा म्हणजे झील, मुलगी म्हणजे चेडू, आणि सगळी मिळून पोरां. तोंडातून शब्द निघाला की कोणाला ते कळतं. कचेरीच्या मराठीने घात केला होता आणि मी, शब्दांवरच पोट भरणारी बाई, ती मराठी ऐकून खूश झाले होते. मी स्वतःला दोन शिव्या दिल्या, आणि त्या मालवणीतच दिल्या.

म्हाताऱ्याला निरोप धाडला, एकट्याने या. तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आला. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, ‘काका, आज मालवणीत बोलूया. मुलांना म्हणजे कोणाक? झिलांक काय पोरांक?’

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, ‘तुमका कोणी सांगल्यानी?’

‘दोगाय येवन गेली,’ मी म्हटलं, आणि कोण काय बोललं ते सगळं सांगितलं. त्याच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पक्षकार तो होता.

तो आधी हसला. मग हसू ओसरलं. ‘बाई, मी मुद्दाम तसा म्हटलंय. झील आयकता, तेका वाटता झिलांक. चेडू आयकता, तिका वाटता तिगांक. इतके दिस घरात कोण कोणाक वायट बोलूक नाय. माका तेवढाच व्हया.’

‘आणि तुमच्या मागे?’

‘माझ्या मागे बघूक मी खंय आसतलंय?’

मला संताप आला. खोटं कशाला सांगू, उठून पाणी प्यावं लागलं. मला वाटत होतं चूक माझी आहे. ती माझी होतीच, पण हा गृहस्थ मला घाटातल्या आंधळ्या वळणावर सोडून स्वतः खाली उतरून जाणार होता. मी म्हटलं, ‘काका, तुमच्या मागे ही तिगां कोर्टात उभी ऱ्हवतली. तुमच्या ह्या एका शब्दाचो अर्थ तुमका कधी न बघितलेलो मनीस लावतलो. तोपर्यंत भाव भैणीचा तोंड बघूचो नाय. तुमका ता व्हया?’

त्याने शर्टाचं वरचं बटण चाचपलं.

‘तुमी सांगशात ता मी लिवतलंय. सगळा झिलांक म्हणालास तरी लिवतलंय. तुमचा तुमी मिळवलास, देवचो हक्क तुमचो. पण ह्यो शब्द माझ्या हातान जावचो नाय.’

‘दुसरो वकील लिवतलो,’ तो म्हणाला.

‘लिवतलो. दोन दरवाजे सोडून बसता.’

पण तो उठला नाही. खुर्ची टेबलाजवळ ओढून त्याने विचारलं, ‘मगे तुमीच सांगा, काय बरा?’

हा क्षण मला नीट आठवतो, कारण उत्तर माझ्या जिभेवर होतं. तुमचं औषध कोण देतं? तुमच्या पेजेला मीठ कमी कोण घालतं? तिला द्या, घर तरी तिला द्या! आणि ते उत्तर जिभेवर का होतं तेही मला माहीत होतं. वकिलीची सनद मिळाल्यावर पहिल्याच वर्षी मी माझ्या भावांना हक्कसोडपत्र लिहून दिलं होतं. माझ्या काकांनी कागद पुढे केला, आईने मान वळवली, आणि मी वकील असून न वाचता सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. कोणी विचारलंही नाही. ती सल अजून आहे आणि ती त्या दिवशी त्या म्हाताऱ्याच्या मुलीच्या बाजूने बोलायला उठली होती. माझ्या घरचा हिशेब मी त्याच्या घरात चुकता करणार होते. म्हणून मी तोंड मिटलं. पक्षकाराच्या समोर गप्प बसणं मला एकूणच जड जातं, त्या दिवशी फारच जड गेलं.

मी म्हटलं, ‘ता मी सांगूचंय नाय. पण सगळ्यांक विचारतंय ता तुमकाय विचारतंय. तुमी गेल्यार दुसऱ्या दिवशी त्या घरात कोण निजतला? कोणाक दुसरा घर आसा? कोणाक नाय? आणि काजी कोण काढतलो?’

हे प्रश्न मी खरंच सगळ्यांना विचारते, बापालाही आणि आईलाही, मुलगी असो वा नसो. उत्तरं त्याची त्यानेच दिली, बोटांवर मोजत, सावकाश. मोठ्याने सावंतवाडीत जागा घेतलीय. धाकट्याचं घर दुकानाच्या मागेच आहे. काजी काढायला दोघंही सुट्टी घेऊन येतात, चेडवाला ते जमणारं नाही. घरात निजायला ती एकटीच.

‘भाव तिका भायर काढूचे नाय,’ तो म्हणाला. मग स्वतःच पुढे म्हणाला, ‘पण तिका तेंच्या मेहेरबानीर ऱ्हवाचा लागतला.’

मी हं म्हटलं, तेवढंच.

‘घाटात समोरासमोर गाड्यो इल्यो की एकट्याक मागे घेवचीच लागता बाई. दोगांय हॉर्न मारीत बसले तर सगळो घाट बंद.’ मग त्याने हात टेबलावर ठेवले. ‘लिवा. घर चेडवाचा. भरड आणि कलमां झिलांची, अर्धी अर्धी. नावां घालून लिवा.’

मी लिहिलं. मग त्याला सांगितलं की मृत्युपत्रात काय आहे ते कोणाला सांगायची सक्ती नाही. पण तुम्ही एक वाक्य घरात सांगून बसला आहात, आणि ते आता खरं राहिलेलं नाही. तसंच राहू द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तो उठून स्टँडवर गेला.

सहीच्या दिवशी मोठा मुलगा आणि मुलगी बरोबर होती, धाकटा दुकान सोडून येऊ शकत नव्हता. डॉक्टरचा दाखला आणला होता. साक्षीदार म्हणून एक शेजारी आणि गावातले एक निवृत्त ख्रिस्ती मास्तर आले होते, त्यांचा कागदात काही हितसंबंध नव्हता. मी आत बोलवायला दार उघडलं, तर म्हातारा बाहेर व्हरांड्यातच उभा राहिला. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. तो मुलाला आणि मुलीला म्हणाला, ‘मी तुमका मुलांना म्हणान सांगलंय, ता खोटा. घर हिचा. काजी आणि कलमां तुमची दोगां भावांची. धाकट्याक मी फोनार सांगलंय.’

मुलगी रडायला लागली. मोठ्याने खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली. मग म्हणाला, ‘आणि चवथीचो गणपती? तो भैणीच्या घरात बसतलो? मी माझ्या बापाशीच्या गणपतीक तिच्या घराक पावणो म्हणान येव?’

‘घरात बसता तसो बसतलो,’ बाप म्हणाला.

‘मगे तुमीच बसवा,’ मुलगा म्हणाला आणि मोटारसायकल काढून गेला.

सह्या झाल्या, नोंदणी झाली. म्हातारा आणि त्याची मुलगी रिक्षाने घरी गेली.

त्या वर्षी चतुर्थीला मोठा आला नाही. विसर्जनानंतर म्हातारा ऑफिसात आला, बसला, आणि म्हणाला, ‘तुमी कागद बरो केलास बाई. पण माझो झील इलो नाय.’ मला फार वाईट वाटलं आणि ते मी त्याला सांगितलं. मृत्युपत्र कधीही बदलता येतं, हेही सांगितलं, कारण ते सांगणं माझं काम होतं. तो नको म्हणाला. पुढच्या वर्षीही मोठा आला नाही, आणि तेव्हाही म्हातारा येऊन नको म्हणूनच गेला. मी चुकले का, असं त्या दोन वर्षांत मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. दर वेळी उत्तर आलं, नाही. पण ते उत्तर मला गोड लागलं असं मी म्हणणार नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात म्हातारा गेला. बारावं झाल्यावर तिन्ही भावंडं माझ्याकडे आली. या वेळी बाहेर कोणाला बसवायचं कारण नव्हतं. मी पाकीट काढलं, तर मोठा म्हणाला, ‘मॅडम, वाचूची गरज नाय. बाबांनी तोंडार सांगल्यानी हा.’ त्याचे डोळे सुजलेले होते. धाकट्याने मान हलवली. मी पाकीट तसंच टेबलावर ठेवलं.

मोठा खुर्ची सरकवून बहिणीकडे वळला. ‘घर तुझा. माझी काय तक्रार नाय. माका तुका एकच विचारूचा आसा.’ त्याने टेबलावरचं पाकीट बाजूला सारलं. मग म्हणाला, ‘ह्या चवथीक मी इलंय तर चलात?’

ती ताडकन उठली. मला वाटलं, आता त्याच्या थोबाडीत बसते.

‘दोन वर्सां बाबा तुझा ताट वाढून घेवन दुपारपर्यंत उपाशी बसले,’ ती म्हणाली. ‘तेवा तू येवक नाय. आता घर माझा आसा, आणि मी सांगतंय. तुका येवचाच लागतला.’